दोन लग्नांची एक डीजेबाई

लग्नाच्या मोसमात डीजेबाईला स्पीकरच्या आवाजाचा कधी त्रास झाला नाही. तिचं डोकं उठायचं ते फोनने. "तुमचा दर काय?" एवढं विचारून लोक थांबले असते तर काही म्हणणं नव्हतं. पण एक जण विचारायचा, "आवाज अर्धाच ठेवला तर पैसे अर्धे होतील का?" दुसरी म्हणायची, "गाणी आमची आम्ही आणतो, तुम्ही नुसती बटणं दाबा, मग किती?" एका नवऱ्या मुलाने तर, "आमच्याकडची माणसं फारशी नाचत नाहीत हो," असं सांगून सूट मागितली होती. गाडी चालवताना, वायरी गुंडाळताना, तोंडात घास असताना ती या सगळ्यांना उत्तरं देत राहायची. कार्यक्रमाच्या दिवशी माईक हातात घ्यायची वेळ आली की घसा बसलेला असायचा.

म्हणून सासरे जेव्हा म्हणाले, "सूनबाई, चौकशीचं तू माझ्यावर सोड," तेव्हा तिला हायसं वाटलं.

आणि का सोडू नये? बाबांची सगळी नोकरी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत गेली होती. त्यांचा आवाज अजूनही खणखणीत होता, आणि लोकांच्या प्रश्नांना कंटाळणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. सासूबाई गेल्यापासून ते घरात नुसते या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि कशाला आलो होतो ते विसरून परत फिरायचे. फोन हातात आला आणि माणूस पालटला. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसू लागले. शेजारी दोन मोठे स्पीकर चादरी पांघरून उभे असायचे. त्यातल्या एकावर बाबांची पाण्याची बाटली आणि दुसऱ्यावर चष्म्याचं घर. फोन वाजला की घसा साफ करून ते म्हणायचे, "नमस्कार, चौकशी!"

डीजेबाईच्या नवऱ्याला याचं फार हसू यायचं. तो दिवसा कारखान्यात फिटर होता, आणि कार्यक्रम असला की बायकोचा वायरमन, हमाल आणि ड्रायव्हर, सगळं तोच. "बाबा, निदान 'कुठे जायचंय?' असं तरी विचारू नका," तो म्हणायचा.

घोळ हळूहळू ध्यानात यायला लागला. एका लग्नात लोक तिला म्हणाले, "रंगीत दिवे फुकट आहेत ना?" दुसऱ्या लग्नात कार्यक्रम संपला तरी कोणी उठेना, कारण बाबांनी वरचा एक तास भेट दिला होता. घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, दिवे कशाला दिलेत फुकट?"

"अगं, तो मुलगा अंधारातून फोन करत होता," बाबा म्हणाले. "त्याच्याकडची वीज गेली होती. मला कसंतरीच झालं."

ती कपाळावर हात मारून आत निघून गेली. बाबांना चौकशी उत्तम जमत होती. फक्त एक शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता, आणि तो शब्द होता 'नाही'.

एका संध्याकाळी ती मिक्सरच्या बटणांमधली धूळ जुन्या ब्रशने काढत बसली होती. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळायचं ते यंत्र. बाबा दोनदा येऊन उभे राहिले आणि दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा आले ते खुर्ची ओढून बसलेच.

"सूनबाई, समज, दोन गाड्या एकाच वेळी सोडायच्या आहेत आणि ड्रायव्हर एकच आहे."

"मग एक गाडी रद्द."

"लगेच रद्द काय? काहीतरी मार्ग निघतोच की."

तिने ब्रश खाली ठेवला. "बाबा, काय केलंत तुम्ही?"

मग सगळं बाहेर आलं. महिनाअखेरच्या शनिवारी, दुपारच्या एकाच वेळेला, बाबांनी दोन लग्नांना शब्द दिला होता. दोघांनाही जवळपास अर्ध्या दरात.

"पहिली मुलगी बस चालवते," बाबा सांगू लागले. "म्हणजे आमच्याच खात्यातली! एवढं मोठं धूड वळवते, पण फोनवर आवाज असा, की जणू माझंच काही देणं लागते. तिचा होणारा नवरा बेकरीत कामाला आहे. दोघांची मिळून नातेवाइकांची ही फौज, आणि खिसा एवढासा. काका, आम्हाला परवडेल का हो, म्हणाली."

"आणि दुसरी?"

"दुसऱ्या आपल्या वाचनालयातल्या बाई. पन्नाशीनंतर लग्न करतायत, त्या घड्याळजींशी. तुझी सासू अंथरुणावर होती तेव्हा दर आठवड्याला स्वतः घरी येऊन पुस्तकं देऊन जायच्या त्या. त्यांना मी नाही म्हणू?"

"मग पहिलीला नाही म्हणायचं होतं!"

"तिला तर आधीच हो म्हणून बसलो होतो."

नवरा इतका वेळ कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. तो ती वायर तशीच घेऊन हळूच स्वयंपाकघरात सटकला.

"पण ऐक ना," बाबा पुढे सरकले. "दोघांनीही सभागृह तेच घेतलंय. मधे ती सरकती भिंत आहे बघ. अर्धं अर्धं घेतलं की स्वस्त पडतं म्हणे. एकाच छताखाली आहे गं सगळं. तू इकडे एक गाणं लाव, आणि ते संपेपर्यंत तिकडे जाऊन ये."

"बाबा, मी डीजे आहे. दारोदार दूध घालत नाही!" तिचा आवाज चढला. "उद्या सकाळी दोघींपैकी एकीला फोन करा आणि जमणार नाही म्हणून सांगा."

"मी उभ्या नोकरीत तेवढंच केलं गं," बाबा म्हणाले. "गाडी आहे का? नाही. जागा आहे का? नाही. पुढची तरी मिळेल का? सांगता येत नाही. शेवटी शेवटी लोक माझा चेहरा बघूनच मागे वळायचे. आता कोणी लग्न ठरवून, चाचरत विचारतं की आमच्यासारख्यांना जमेल का हो. माझ्या तोंडातून आपोआप 'हो' निघतं. मी तरी काय करू?"

डीजेबाईचा राग गेला नव्हता, पण त्याची धार बोथट झाली होती. "ठीक आहे," ती म्हणाली, "मी सांगते. दोघांनाही रविवारी घरी बोलवा. समोरासमोर बसलं की कोणीतरी एक आपणहून मागे सरेल."

रविवारी सकाळी चौघंही आली. बसवाली रात्रपाळी करून थेट गणवेशातच आली होती. तिच्या मागे बेकरीवाला. त्याच्या भुवयांवर अजून पीठ होतं आणि हातात गरम पावांची पिशवी. वाचनालयवाल्या बाई ताठ बसल्या, पिशवी मांडीवर उभी धरून. घड्याळजी शांत गृहस्थ. ते बसले खरे, पण भिंतीवरचं घड्याळ मागे पडलेलं बघून त्यांचा जीव काही खुर्चीत टिकेना. बाबा सगळ्यांना पाणी देत होते आणि सुनेची नजर चुकवत होते.

डीजेबाईने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. चूक आमची आहे. वेळ एक, डीजे एक, लग्नं दोन. काय करायचं?

वाचनालयवाल्या बाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आम्ही मागे सरतो. आमच्याकडे माणसंच मोजकी. एखादा लहानसा रेडिओ लावला तरी भागेल."

"असं कसं, मॅडम?" बसवाली उसळलीच. "आम्ही मागे सरतो. आमच्याकडचे लोक ताटं वाजवूनसुद्धा नाचतील."

"अहो, तुमचं पहिलंच लग्न आहे."

"तुमचंही पहिलंच आहे ना?"

"माझं पहिलं, यांचं दुसरं. म्हणजे सरासरी तुमच्यापेक्षा जास्तच!"

"ते मला माहीत नाही. तुम्ही मोठ्या आहात. गाणी तुमच्याकडेच वाजणार."

"मोठी आहे म्हणूनच सांगतेय, मुकाट्याने घे!"

डीजेबाई बघतच राहिली. घासाघीस करून, आवाज चढवून, लग्न मोडायची धमकी देऊन सूट मागणारे तिने पुष्कळ पाहिले होते. हातातली गोष्ट एकमेकांच्या गळ्यात मारण्यासाठी भांडणारी माणसं ती पहिल्यांदाच बघत होती. बेकरीवाला बसवालीला कोपराने डिवचत होता आणि घड्याळजी एव्हाना स्टुलावर चढून घड्याळ उतरवत होते. आणि डीजेबाईला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "थांबा. एक मार्ग आहे."

नवऱ्याने दारातून मान बाहेर काढली. घरात आता 'हो' म्हणणारी दोन माणसं झाली, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"मोठे स्पीकर एका बाजूला," ती म्हणाली. "तिथे मी. आणि माळ्यावर माझे पहिले लहान स्पीकर पडून आहेत, आवाज अजून गोड आहे त्यांचा. ते दुसऱ्या बाजूला."

"आमच्याकडे लहानच द्या," बाई म्हणाल्या. "ते छातीत धडधडणारं संगीत मला सोसत नाही. चार माणसांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे."

"आणि आमच्याकडे बोलता आलं तर आमचे पाहुणे भांडतात," बसवाली म्हणाली. "त्यापेक्षा मोठेच बरे."

"पण लहान स्पीकरपाशी कोण बसणार?" घड्याळजींनी स्टुलावरूनच विचारलं. तिथे आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते.

डीजेबाईने मान वळवली. तिच्याबरोबर सगळ्यांनीच वळवली. बाबा पाणी पीत होते, त्यांना जोराचा ठसका लागला.

"मी?"

"शब्द कोणी दिलाय, बाबा?"

पुढचे काही दिवस घरात शिकवणी चालली. माळ्यावरून स्पीकर उतरले, नवऱ्याने त्यांच्या वायरी बदलल्या. हे बटण वर केलं की आवाज वाढतो, हे सरकवलं की गाणं बदलतं, एवढंच बाबांना शिकायचं होतं. पण बाबा प्रत्येक बटणाला असं बोट लावायचे, जणू ते चावणार आहे. पहिल्या दिवशी त्यांनी दोन गाणी एकदमच लावली. दुसऱ्या दिवशी गाणं लावलं आणि आवाज द्यायलाच विसरले, आणि आपण बहिरे झालो की काय म्हणून घाबरून घरभर टाळ्या वाजवत फिरले.

"गाणं संपत आलं की पुढच्याचा आवाज हळूच वर घ्यायचा," डीजेबाई सांगायची. "लोकांना सांधा कळला नाही पाहिजे."

"आणि कळला तर?"

"तर माईक घ्या आणि काहीतरी बोला. ते तुम्हाला येतंच."

रागावायचं असं ठरवूनही तिला रागावता येत नव्हतं. एक दिवस ती बाहेरून आली तर बाबा एकटेच टेबलाशी बसून सासूबाईंच्या आवडीची गाणी रांगेत लावत होते. ती दारातच थांबली, थोडा वेळ ऐकत राहिली, आणि मग मुद्दाम चपला वाजवत आत गेली.

शनिवार उजाडला. दोन्ही जोडप्यांनी सकाळी लग्नाच्या नोंदणी कचेरीत सह्या करून घेतल्या होत्या. दुपारी सभागृहात फक्त जेवण आणि गाणी. सभागृहाचा रखवालदार किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून दारातच उभा होता. डीजेबाई आल्या आल्या त्याने तिला बजावलं, "मधली भिंत सरकवायची नाही हं. सरकवली तर पूर्ण सभागृहाचं भाडं लागेल. दोघांनी अर्धं अर्धं भरलंय."

"अर्धं अधिक अर्धं म्हणजे पूर्णच झालं की!" डीजेबाईचा नवरा म्हणाला.

"तसं नसतं. पूर्णाचा दर वेगळा आहे."

त्या भिंतीत एक लहान दार मात्र होतं, एका वेळी एक माणूस जाईल एवढं. ते उघडं ठेवायला रखवालदाराची हरकत नव्हती, कारण त्याच्या नियमात दाराचा उल्लेखच नव्हता. डीजेबाईने आपलं टेबल त्या दाराजवळ मांडलं, म्हणजे मान वाकडी केली की पलीकडे बाबा दिसावेत.

तिच्या बाजूला बसवालीकडचे लोक लोंढ्यासारखे आले. बेकरीवाल्याच्या मावश्या, काकू, त्यांची पोरं, बस डेपोतले ड्रायव्हर आणि कंडक्टर. पहिल्याच गाण्याला जमीन हादरायला लागली. नवरीने साडीचा पदर कमरेला असा खोचला, की वाटावं, आता ही बसच ढकलणार. डीजेबाई खूश झाली. अशी गर्दी मिळाली की तिचे हात आपोआप चालायचे.

पण मान वाकडी करून पाहिलं तेव्हा तिचा हात बटणावरच राहिला. पलीकडे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ घातलेली टेबलं, आणि त्यांच्याभोवती अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या. बाईंच्या दोन मैत्रिणी, घड्याळजींचे शेजारी आणि त्यांची लग्न झालेली मुलगी. या वयात कसलं लग्न, असं म्हणत ती मुलगी येणार नव्हती; शेवटच्या क्षणी आली होती आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बाबांनी लावलेलं संथ गाणं सुरेख होतं, पण भिंतीपलीकडची धडधड त्याच्यावरून रोड रोलरसारखी जात होती. कपातला चहासुद्धा थरथरत होता.

आणि तेवढ्यात बाबांचं गाणं संपलं. पुढचं सुरू झालंच नाही. बाबांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. त्यांच्या कपाळावर घाम आलेला तिला इथूनही दिसला. ती हेडफोन काढून उठणार, इतक्यात बाबांनी माईक उचलला, आणि आयुष्यभर जे बोलत आले तेच त्यांच्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! पुढचं गाणं काही तांत्रिक कारणाने थोडं उशिरा सुटत आहे. तोवर कोणीही जागा सोडू नये. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!"

घड्याळजी हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलवत. त्यांची मुलगी वडिलांकडे बघत राहिली आणि तिचाही चेहरा सैल झाला. पण खरी गंमत भिंतीच्या अलीकडे झाली. डेपोतला एक पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर नाचता नाचता जागीच थबकला.

"अरे, हा आवाज!" तो ओरडला. "हा आपल्या चौकशीतला!"

"कुठे? कुठे?"

"भिंतीपलीकडे!"

बघता बघता निवृत्त झालेले आणि व्हायला टेकलेले ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीट खिडकीवाली एक बाई, सगळे त्या लहान दारातून एकामागून एक पलीकडे घुसायला लागले. बाबा उठून उभे राहिले. कोणी त्यांची पाठ थोपटली, कोणी हातच सोडेना. "तुमच्यासारखा आवाज पुन्हा नाही आला त्या खिडकीत," मिशीवाले म्हणाले. "आता नुसतं यंत्र बोलतं. त्याच्याशी भांडायलाही मजा येत नाही." तिकीट खिडकीवाली बाई खुर्चीत बसली ती उठायलाच तयार होईना. "इथे किती निवांत आहे! तिकडे माझे कान फुटायची वेळ आली होती." मग बेकरीवाल्याच्या मावश्याही आल्या, गुडघे धरत. रिकाम्या खुर्च्या भरल्या. कोणाच्या तरी हाताला ते रुसलेलं बटण सापडलं आणि नवं गाणं सुरू झालं.

डीजेबाईने तोवर आपल्या मोठ्या स्पीकरचा आवाज चांगलाच खाली घेतला होता. नाचणाऱ्यांना ते कळलंही नाही. बेस, म्हणजे तो जड ठोका, नाचायला पुरेल एवढाच ठेवून बाकीचं उतरवायची ती युक्ती होती. तिच्या मनात आलं, हे आधीच करायला हवं होतं.

तेवढ्यात वाचनालयवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आवाजाची तक्रार करायलाच निघाल्या होत्या. घरून निघतानाच दोन कडक वाक्यं तयार ठेवली होती, असं त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. पण त्या दारात दिसल्या आणि नाचणारी एक तरुण मुलगी किंचाळली, "पुस्तकवाल्या मॅडम!"

सगळ्या माना वळल्या. या अर्ध्या सभागृहातल्या निम्म्या तरुण मंडळींचं लहानपण बाईंच्या वाचनालयात गेलं होतं. कोणी पुस्तकाचं पान फाडून बोलणी खाल्ली होती, कोणी सुट्टीभर तिथल्या पंख्याखाली झोप काढली होती. खुद्द बेकरीवाला पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला कितीदा बाहेर काढलंत, आठवतंय? सारखा बडबड करतो म्हणून."

"आठवतंय," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी डीजेबाईंच्या घरी ओळखलं नाही. पीठ होतं तोंडावर."

"आज तुम्ही आमच्या हद्दीत आलात, मॅडम. इथे शांत बसायला मनाई आहे!"

त्याने आणि बसवालीने दोन्ही बाजूंनी त्यांचे हात धरले. बाई "अरे, अरे, माझी पिशवी" म्हणत होत्या, तर पिशवी कोणीतरी काढून घेतली. आधी त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग एक खांदा हलला. मग दुसरा. डीजेबाईने ते पाहिलं आणि फेडर, म्हणजे आवाजाचं सरकतं बटण, हळूच वर चढवला. त्यानंतर बाईंनी जे पाय उचलले, ते बघून बसवालीनेच हात टेकले. घड्याळजी दारात उभे राहून बायकोकडे बघत होते. त्यांच्या मुलीने पर्स खुर्चीवर टाकली, वडिलांना बाजूला सारलं आणि ती सरळ गर्दीत शिरली.

त्यानंतर कोणत्या लग्नाचा पाहुणा कोणता, याचा काही पत्ता राहिला नाही. ज्याला नाचायचं तो इकडे, ज्याला बोलायचं तो तिकडे. दमलं की तिकडे जायचं, कंटाळलं की इकडे यायचं. त्या अरुंद दारात अशी चेंगराचेंगरी व्हायला लागली की रखवालदारालाच मधे उभं राहून वाहतूक सांभाळावी लागली. "आधी येणाऱ्यांना येऊ द्या! काकू, ताट तिरकं धरा!" असं ओरडता ओरडता त्याचेही पाय ठेका धरायला लागले होते. भिंत मात्र त्याने तसूभरही सरकू दिली नाही.

संध्याकाळच्या सुमाराला बसवाली पलीकडे गेली. रात्रपाळ्या, धावपळ, आणि आता हा नाच. ती तिथे गप्पा मारत बसलेल्या आपल्या वडिलांच्या शेजारी खुर्चीत बसली, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपून गेली. स्वतःच्या लग्नात नवरी घोरतेय म्हणून मावश्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. बाबांनी आवाज अगदी बारीक केला आणि सगळ्यांना बोटाने गप्प राहायची खूण केली. बेकरीवाला आला, क्षणभर तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि तिच्या पायांतल्या टाचेच्या चपला हळूच काढून बाजूला ठेवल्या.

आवराआवर झाली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. डीजेबाईचा नवरा एकेक स्पीकर गाडीत चढवत होता. घड्याळजी आणि बाई निरोप घ्यायला आले. बाईंचा अंबाडा पार सुटला होता. "तुमचे सासरे फार छान बोलतात हो," त्या डीजेबाईला म्हणाल्या. "आमच्याकडच्या मंडळींना तर वाटलं, ते मुद्दामच ठरवलेलं होतं."

"हो, तसंच होतं," डीजेबाई म्हणाली.

बाबा गाडीत बसले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि आवाज पार घोगरा झाला होता.

"बाबा," ती म्हणाली, "अडकलात तेव्हा मी उठून येणारच होते."

"दिसलीस तू," बाबा म्हणाले. "तू उठायला लागलीस म्हणूनच घाईघाईने बोललो. म्हटलं, हिची गर्दी सोडून ही इकडे आली तर दोन्हीकडचा बट्ट्याबोळ व्हायचा."

ती हसली. गाडी सुरू झाल्यावर बाबांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "सूनबाई, पुढच्या रविवारी सकाळी काही काम नाही ना माझं?"

"नाही. का हो?"

"ते आपले डेपोवाले तळ्याकाठी जमतात म्हणे, दर रविवारी. पत्ते खेळतात. मला ये म्हणालेत."

"मग जा की!"

"फोनचं कोण बघणार पण?"

"मी आहे ना, बाबा."

रविवारी उजाडल्यापासून बाबांची लगबग सुरू होती. दोन शर्ट घालून झाले, तिसरा पसंत पडला. मिशीवाले आपल्या जुन्या मोटारीतून न्यायला आले आणि त्यांनी फाटकाशी असा हॉर्न वाजवला की अख्खी गल्ली बाहेर आली. डीजेबाई खिडकीत उभी राहून बघत होती. मोटारीत आधीच पाच जण कोंबलेले होते. तिकीट खिडकीवाली बाई पुढच्या सीटवरून ओरडली, "सरका, सरका, उभं राहायलासुद्धा जागा नाही!" आणि बाबा हसत हसत, कोणाच्या तरी मांडीवर अर्धे बसून, दार ओढून घेत होते.

टेबलावर फोन वाजायला लागला. डीजेबाईने मोटार वळणाआड जाईपर्यंत तो वाजू दिला आणि मग उचलला. पलीकडून एक मुलगा चाचरत विचारत होता की त्यांचं बजेट जरा कमी आहे, तरी काही जमेल का.

"बसून बोलू या," ती म्हणाली. "आधी हे सांगा, तुमच्याकडे नाचणारे किती आणि गप्पा मारणारे किती?"